गरम झाल्यावर बंद पडणारी एमजीबी : आधी ठिणगी पाहा, मग पेट्रोल

तुमच्या प्रश्नातली हकिगत थोडक्यात अशी आहे. गाडी १९६६ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), वायरिंग मूळची म्हणजे पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेली; बॉडीशी असलेली ही जोडणी म्हणजे ‘अर्थ’). थंड असताना ती पहिल्याच सेल्फला सुरू होते, मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चालते आणि मग बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली की काहीच झाले नव्हते अशा थाटात पुन्हा सुरू होते. आतापर्यंत तुम्ही पेट्रोल पंप, ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी कॉइल आणि तिच्या जोडीचा कंडेन्सर बदलले आहेत आणि दोन्ही एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर उघडून त्यांत नवे किट घातले आहे. ओळखीच्या मेकॅनिकने ‘व्हेपर लॉक’ (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे) असे निदान केले आहे. आता पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का, हा तुमचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, आत्ता बसवू नका आणि यापुढे दोष सापडेपर्यंत एकही सुटा भाग बदलू नका. गाडी बंद पडल्यापासून ती पुन्हा सुरू होईपर्यंतचा जो अर्धा तास तुम्ही वाट पाहण्यात घालवता, तोच तपासणीचा खरा वेळ आहे. घरी आल्यावर गाडी थंड झालेली असते, सगळे भाग नीट काम करत असतात आणि त्या अवस्थेत केलेले निदान हा केवळ अंदाज असतो. दोष हजर असतानाच त्याला गाठले पाहिजे.

व्हेपर लॉकबद्दल आधी सांगतो, कारण जुनी गाडी गरम झाल्यावर बंद पडली की हे नाव फार लवकर घेतले जाते. ज्या गाड्यांत यांत्रिक पंप इंजिनवर बसवलेला असतो, तिथे तो टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढण्याच्या बाजूला दाब कमी असतो आणि त्यात नळी तापली तर पेट्रोलची वाफ होऊन पंप निकामी ठरतो. एमजीबीचा विजेवर चालणारा एसयू पंप मात्र मागे, टाकीजवळ आहे. तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे नळीत दाब असतो आणि वाफ होण्याची शक्यता बरीच कमी होते. या गाडीत दोन्ही कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनच्या एकाच बाजूला आहेत, त्यामुळे फ्लोट बाउलमधले (कार्ब्युरेटरच्या छोट्या साठवण-वाटीतले) पेट्रोल तापू शकते, हे खरे. पण तो त्रास वाहतुकीत रखडल्यावर किंवा गरम गाडी दहा मिनिटे उभी करून पुन्हा सुरू करताना होतो, कारण तेव्हा बॉनेटखाली हवा खेळत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना कार्ब्युरेटरमधून थंड पेट्रोल सतत वाहत असते. तुमची गाडी नेमकी तिथेच बंद पडते, म्हणून मी व्हेपर लॉक यादीत सर्वांत खाली ठेवीन.

आता गाडी बंद पडते ती कशी, याकडे लक्ष द्या. १९६४च्या अखेरीस पाच बेअरिंगचे इंजिन आले, त्याबरोबर या गाडीला विजेवर चालणारा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) मिळाला आणि तो कॉइलच्या प्रवाहाचे ठोके मोजतो. इंजिन मरत असताना गाडी गिअरमध्येच राहू द्या, क्लच लगेच दाबू नका आणि एक क्षण काट्याकडे पाहा. चाकांमुळे इंजिन अजून फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर कॉइलच्या प्राथमिक (बॅटरीच्या कमी व्होल्टेजच्या) बाजूचा प्रवाह तुटला आहे आणि दोष इग्निशन स्विच, त्याची वायर, पॉइंट किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या (एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आतल्या जोडण्या यांत आहे. काटा इंजिनच्या वेगाबरोबर सावकाश खाली आला, तर प्राथमिक बाजू चालू आहे. मग एक तर पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी उच्च व्होल्टेजच्या बाजूला गळते आहे. पेट्रोल संपत आलेली गाडी सहसा आधी झटके घेते, पिकअप जातो आणि चोक ओढला तर काही क्षण सावरते. इग्निशन मात्र दिवा विझावा तसे जाते. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे काम होते आणि त्यासाठी खिशाला कात्री लावावी लागत नाही.

गाडीत पुढील वस्तू ठेवा : साधा टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, स्पार्क टेस्टर, प्लगचा पाना, खात्रीचा एक कंडेन्सर आणि त्याला जोडलेली क्लिपची वायर. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रल करा आणि किल्ली बंद करून मगच बॉनेट उघडा. किल्ली चालू ठेवून उभे राहणे या गाडीला मानवत नाही. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत इंजिन थांबले असेल तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो, ती तापत जाते आणि मूळ दोषात नव्याची भर पडते.

पहिली तपासणी कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाकडे जाणाऱ्या मुख्य वायरवर करा. तिला स्पार्क टेस्टर लावा, त्याचे दुसरे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट जोडा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. टेस्टर नसला तर वायर हातात धरून ठिणगी पाहण्याचा जुना प्रकार करू नका, विशेषतः जवळ पेट्रोलची सुटी नळी असेल तर अजिबात नको. ठिणगी जाड, निळसर आणि नियमित असायला हवी. उघड्या हवेत बारीक पिवळी ठिणगी दिसली म्हणून समाधान मानू नये, कारण सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते.

ठिणगी नसेल, तर टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि किल्ली चालू करून टोक कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलला लावा. तिथे पांढरी वायर येते. दिवा लागला नाही तर मागे मागे जा : टॅकोमीटरमधून जाणारा वायरचा फेरा, बुलेट कनेक्टर आणि शेवटी इग्निशन स्विच. जुन्या स्विचमधले संपर्क तापल्यावर सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतात, हे मी अनेक गाड्यांत पाहिले आहे. दिवा लागला, तर टोक कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला, म्हणजे पॉइंटकडे जाणाऱ्या पांढऱ्या-काळ्या वायरच्या जागी लावा आणि सेल्फ मारा. इथे दिवा लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो. तो सतत लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही अर्थ मिळत नाही. अजिबात लागला नाही तर ती बाजू कुठेतरी बॉडीला चिकटली आहे किंवा कॉइलचे आतले वेटोळे तुटले आहे. कोणते ते ठरवायला ती वायर कॉइलपासून सोडवून पुन्हा पाहावे. आणि दिवा व्यवस्थित लुकलुकतो पण ठिणगी नाही, असे असेल तर संशय कंडेन्सर आणि कॉइल या दोघांवर येतो.

कंडेन्सर नवा आहे म्हणून त्याला निर्दोष धरू नका. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्रवाह त्यांच्या फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो सामावून घेतो, म्हणून प्रवाह झटक्यात तुटतो, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो व्होल्ट तयार होतात. चार सिलिंडरचे इंजिन ३,००० आरपीएमला फिरताना हे सेकंदाला शंभर वेळा घडते. त्याचे मूल्य साधारण ०.२ मायक्रोफॅरड असते, पण थंड असताना ते बरोबर आले म्हणून काही सिद्ध होत नाही; आतले वेष्टण कच्चे असेल तर तापल्यावरच गळती सुरू होते. रस्त्यावर तपासताना जुना कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरच्या आतून सोडवा आणि जवळचा कंडेन्सर बाहेरून लावा : वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, धातूचे आवरण स्वच्छ बॉडीला. जुना जोडलेलाच ठेवून दुसरा समांतर लावला तर गळका कंडेन्सर पकडला जात नाही, कारण गळती तशीच चालू राहते. या बदलाने गाडी तिथल्या तिथे, गरम असतानाच सुरू झाली, तर दोष सापडला.

कॉइलबद्दल मला सर्वांत जास्त शंका आहे, आणि हे तुम्ही घरीच पाहू शकता. दोन्ही वायरी सोडवून तिच्या दोन छोट्या टर्मिनलांमधला रोध मोजा. तुमच्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा बाहेरचा रोध) नाही, म्हणून रोध सुमारे ३ ओहम हवा. नंतरच्या, रबरी बंपरच्या एमजीबीला बॅलास्टवर चालणारी कॉइल होती. तिचा रोध साधारण १.५ ओहम असतो आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ‘एमजीबीची कॉइल’ म्हणून मागितले की ती हातात पडणे अगदी शक्य आहे. तशी कॉइल तुमच्या गाडीत थेट लावली तर प्रवाह दुप्पट वाहतो, पॉइंट जळतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत कॉइल एवढी तापते की ठिणगी मरते. तुमच्या तक्रारीशी हे चित्र फार जुळते. जाता जाता टर्मिनलांच्या खुणाही पाहा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचे अधिक चिन्हाचे टोक डिस्ट्रिब्यूटरकडे आणि उणे चिन्हाचे स्विचकडे जायला हवे. उलट जोडले तरी गाडी चालते, पण प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते आणि कमकुवत कॉइलला ते झेपत नाही.

मुख्य वायरला चांगली ठिणगी आहे पण प्लगला नाही, असे आढळले तर डिस्ट्रिब्यूटरचे टोपण आणि त्याखाली फिरणारा रोटर पाहा. रोटरच्या पितळी पट्टीखालचे प्लॅस्टिक फुटून ठिणगी खालच्या दांड्याला जाते आणि तडा नुसत्या डोळ्यांना दिसतोच असे नाही. रोटर हा स्वस्त भाग असल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते, पण नव्या रोटरांचा दर्जा फार असमान आहे. पट्टीला रिव्हेट नसलेला चांगला रोटर मिळाला तर तोच घ्यावा.

तुमच्या ल्युकस २५डी डिस्ट्रिब्यूटरच्या आत दोन लवचिक वायरी आहेत, त्या मुद्दाम हाताने तपासा. एक बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत येते आणि दुसरी पॉइंटच्या तबकडीला डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीचा अर्थ देते. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) ती तबकडी सतत मागेपुढे हलते, वर्षानुवर्षे वाकून आतले तांब्याचे धागे तुटतात आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. मल्टिमीटर लावून वायर बोटाने हलकेच वाकवा आणि तबकडी हाताने फिरवा. आकडा उडाला तर वायर बदला. पॉइंटच्या खुंटीवरची जोडणीही पाहा. कंडेन्सरची आणि टर्मिनलची अशी दोन्ही टोके स्प्रिंगला टेकली पाहिजेत, खुंटीला आणि तबकडीला मात्र अजिबात लागता कामा नयेत. प्लॅस्टिकचा वॉशर चुकीच्या जागी गेला की हा नियम मोडतो.

समजा, ठिणगी प्रत्येक वेळी ठणठणीत निघाली. मग पेट्रोलकडे वळा, आणि तिथेही आधी टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा. गाडी बंद पडताच झाकण सैल करा. हवा आत ओढली जाण्याचा लांब आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीला हवा मिळत नव्हती. पंपाचा आवाज ऐका. किल्ली चालू केल्यावर तो टकटक करतो आणि फ्लोट बाउल भरले की थांबतो. न थांबता भराभर वाजत राहिला तर तो हवा ओढतो आहे किंवा पुढे पेट्रोल कुठेतरी सांडते आहे. बाउल रिकामे असून गप्प बसला तर त्याचे स्वतःचे संपर्क, वीज किंवा अर्थ तपासा. टाकीतला गंज तोंडाशी जमून प्रवाह अडवतो आणि गाडी उभी राहिली की तो खाली बसतो, म्हणून हा दोषही अर्ध्या तासाने ‘बरा’ होतो. रबरी नळ्या जुन्या असतील तर हा शोध बाजूला ठेवून त्या आजच बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या आतून सुटतात आणि मॅनिफोल्डजवळ गळणारी नळी म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

दोष दूर झाल्यावर पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लावा, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ६० अंशांच्या आसपास आहे का पाहा, पॉइंटच्या टाचेसाठी कॅमवर किंचित ग्रीस लावा आणि त्यानंतरच टायमिंग (ठिणगीची वेळ) करा. हा क्रम उलटा चालत नाही, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही. पण ते फक्त पॉइंट आणि कंडेन्सर यांची जागा घेते. स्विच, कॉइल, रोटर आणि अर्थ हे सगळे जुनेच राहतात. चुकीच्या कॉइलवर बसवलेले मॉड्यूल लवकर जळते, आणि तुमच्या गाडीला पॉझिटिव्ह अर्थचेच मॉड्यूल लागेल. दोष सापडल्यानंतर हवे असेल तर जरूर बसवा, आणि काढलेली पॉइंटची तबकडी कंडेन्सरसकट डिकीत ठेवा, कारण मॉड्यूल रस्त्यात गेले तर दुरुस्त होत नाही.

पुढच्या फेरीनंतर मला तीन गोष्टी कळवा : कॉइलचा रोध किती आला, बंद पडताना टॅकोमीटरचा काटा कसा पडला आणि टेस्ट लॅम्प कॉइलच्या कोणत्या टर्मिनलवर कसा वागला. तोपर्यंत कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हात लावू नका.