वारशातली बंदूक विकायची आहे?

जुन्या बंदुका आणि शस्त्र परवाने यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी ही पाच.

प्रश्न : वडील वारले त्याला दहा महिने झाले. त्यांची इंग्लिश दुनळी बारा बोअर बंदूक कपाटात कुलपात आहे. आम्हा तिघा भावंडांत कोणालाच तिचा नाद नाही. विकायची तर आधी माझ्या नावावर परवाना करून घ्यावा लागेल का? (कराड)

त्याची गरज नाही. पण बंदूक अजून घरात आहे, हे आधी मिटवा. परवाना वडिलांच्या नावाचा होता. ते गेल्यावर ती घरात ठेवण्याचा हक्क कोणालाच उरला नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन वर्षं कैद आहे. दहा महिने गेले म्हणून घाबरून आणखी दहा घालवू नका. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि उशिराचं कारण सांगणारा अर्ज घेऊन ठाण्यात जा. बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा, परस्पर गाडीत टाकून निघू नका.

जमेल तर ती विक्रेत्याकडेच जमा करा. भाडं पडतं, पण तेलपाणी होतं. मालखान्यात बंदूक मुद्देमालाच्या ढिगात पडून राहते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात नळीला आतून खड्डे पडतात. मग भाव कोसळलाच म्हणून समजा. पावतीवर नुसतं 'एक बंदूक' चालवून घेऊ नका. कंपनी, नंबर, बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, नळीची लांबी, दस्त्यावरचा जुना ओरखडासुद्धा लिहून घ्या. काडतुसं आणि जादा नळ्या असतील तर त्याही जमा करा. चामडी पेटी, सफाईचे गज आणि जुनी बिलं मात्र घरी ठेवा. ती शस्त्रं नाहीत, आणि पुढे भाव करताना तीच उपयोगी पडतात.

जमा असलेली बंदूक कायदेशीर वारस म्हणून तुम्हाला विकता येते. वारसाचे कागद आणि भावंडांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र जोडून परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवा. आयुक्तालयाच्या हद्दीत ते पोलीस आयुक्तांचं असतं, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचं. खासगी गिऱ्हाईक असेल तर त्याचं नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. त्याच्या परवान्यावर जागा रिकामी आहे ना, हे आधी बघा. २०१९पासून वारशाची धरून माणशी दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. त्यामुळे हौशी गिऱ्हाइकाचेही हात बांधलेले असतात. आणि जमा करून विसरून जाऊ नका. मुदत उलटली की ती सरकारजमा होऊ शकते.

प्रश्न : आमच्या बंदुकीवर लंडनच्या नामांकित कंपनीचं नाव कोरलेलं आहे. दुकानदारानं बघताक्षणी पंचवीस हजार सांगितले. पॉलिश करून घेतली तर भाव वाढेल का? (नाशिक)

पॉलिशच्या नादी लागू नका. जुन्या दमास्कस नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या असतात. त्यावरची वळणावळणाची नक्षी चाकावर धरली की गेली. चकचकीत केलेली जुनी बंदूक जाणकार माणूस हातातही धरत नाही.

नुसत्या नावावर भाळू नका, ठसे बघा. नळ्या उतरवल्या की त्यांच्या खालच्या सपाट भागावर चाचणीचे ठसे दिसतात. बंदूक विक्रेत्याकडे जमा असेल तेव्हा त्याच्याकडूनच त्यांचे फोटो काढून घ्या. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचे, मुकुटवाले ठसे असले तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. लंबगोलात 'ईएलजी' अशी अक्षरं असली तर नळ्या बेल्जियमच्या लिएजमधल्या, वर नाव कोणाचंही असो. इंग्लिश नावांशी मिळतीजुळती नावं कोरलेला बेल्जियन माल त्या काळी भरपूर आला. कंपनीच्या नावाचं स्पेलिंगच चुकलेलं असेल तर पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल या नकली बंदुका करणाऱ्या गावच्या नकलेचा संशय धरायचा.

ठसे जुळले तर नंबर कळवून कंपनीला पत्र टाका. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या नोंदवह्या शाबूत आहेत. बंदूक कधी आणि कोणासाठी केली, हे त्यातून निघू शकतं. एखाद्या संस्थानिकाचं नाव निघालं तर त्या एका कागदानं भाव फिरतो.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, म्हणून साध्या दुनळीला उठाव कमी आहे. खासगी आयात १९८०च्या दशकात बंद झाली, म्हणून चांगल्या परदेशी बंदुका देशात आहेत तेवढ्याच. तुमची कोणत्या बाजूला पडते, ते ठशांवरून कळेल. मी स्वतः विक्रेता आहे, तेव्हा माझ्याच पोटावर पाय आणून सांगतो : पहिल्या दुकानाच्या पहिल्या आकड्याला हो म्हणू नका. तीन ठिकाणी दाखवा, त्यातलं एक परराज्यातलं असू द्या.

प्रश्न : ओटीवर पणजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली आहे. पुण्याचे एक जुन्या वस्तूंचे व्यापारी ती मागताहेत. 'अँटिक आहे, परवाना लागत नाही,' म्हणतात. (देवगड)

अर्धंच सांगताहेत. कलम ४५मध्ये जुन्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. वय पुरेसं नाही. तुमच्याच भागात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका परवान्यावर आहेत की! नळी शाबूत असेल आणि घोडा पडत असेल तर सूट विसरा. पोलिसांकडून तपासून लेखी घ्या, तोवर ती कोणाला देऊ नका. शिवाय शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो, तो त्या गृहस्थांना दाखवायला सांगा.

प्रश्न : आजोबांची १९१० सालची नक्षीदार बंदूक बहिणीला न्यू जर्सीला न्यायची आहे. (ठाणे)

ते मनातून काढून टाका. शंभर वर्षांपुढची कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२चा पुरावशेष कायदा आडवा येतो. विकून बहिणीचा वाटा पैशात द्या.

प्रश्न : आजोबा ब्रिटिश फौजेत होते. त्यांच्या ट्रंकेत वेब्ली रिव्हॉल्व्हर सापडलं, परवाना कुठेच नाही. किती येतील? (सांगली)

काहीच नाही. फौजी वेब्ली बहुधा .४५५ बोअरचं असतं आणि तो बोअर प्रतिबंधित आहे. असं शस्त्र विनापरवाना बाळगण्याला सात ते चौदा वर्षं कैद आहे. हात न लावता ट्रंक बंद करा, फौजदारी वकिलाला गाठा आणि त्याच्यामार्फत पोलिसांना लेखी कळवा. किंमत विचारायला आमच्यापैकी कोणाच्या दुकानात घेऊन येऊ नका. ते विकत घ्यायचा परवाना आमच्याकडेही नसतो.