बायको मरणाच्या दारात असताना मन दुसरीकडे ओढ घेतं, तर त्या नवऱ्याची सेवा खोटीच ना?

'ह्वाजांग' हा कोरियन चित्रपट पाहून तुम्हाला नवऱ्याचा राग आला, असं तुम्ही लिहिलंय. मला नाही आला. मी हा चित्रपट दोनदा पाहिला आणि त्याची सेवा मला खरीच वाटली.

दिग्दर्शक इम क्वॉन-तेक यांनी शंभराहून अधिक चित्रपट केल्यावर, ऐंशीच्या घरात असताना, 2014 साली हा केला. मूळ कथा लेखक किम हून यांची. कोरियनमध्ये 'ह्वाजांग' म्हणजे अग्निसंस्कार आणि 'ह्वाजांग' म्हणजेच मेकअप. नायक सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत मोठा अधिकारी, बायकोला मेंदूचा ट्यूमर आणि डोळ्यांपुढे सतत ऑफिसातली तरुण मुलगी.

बाथरूमचा प्रसंग आठवा. बायकोचा शरीरावर ताबा उरलेला नाही, तो तिला धुतोय आणि ती शरमेनं रडतेय. त्याच्या हातांत किळस नाही. पण हे हात आपल्याला फक्त सांभाळतायत, त्यांत आता ओढ नाही, हे तिला कळतं. बायकोच्या भूमिकेत किम हो-जंग यांनी हे इतकं उघडं करून दाखवलंय की पहिल्या वेळी मी मान फिरवली होती.

माझ्या आईच्या शेवटच्या आठ महिन्यांत बाबांनी तिचं सगळं अंथरुणातच केलं. एका रात्री मला म्हणाले, "तिची कूस बदलताना ही आपली बायको आहे, हेच विसरायला होतं रे." तेव्हा मला ते फार लागलं होतं. पण रोज डायपर बदलायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस वळवायची, तर मन थोडं बाजूला ठेवावंच लागतं. बाजूला ठेवलेलं ते मन कुठे तरी जाणारच. चित्रपटातल्या नवऱ्याचं त्या मुलीकडे गेलं.

त्याचं स्वतःचं शरीरही थकलंय. प्रोस्टेटमुळे लघवी अडते, नळी घालावी लागते. त्या मुलीत त्याला प्रेयसीपेक्षाही न दुखणारं शरीर दिसतं, असं मला वाटतं. नवऱ्याच्या भूमिकेत आन सुंग-की हे सगळं जवळजवळ न बोलता करतात.

माझी तक्रार त्या मुलीबद्दल आहे. ती कायम त्याच्याच नजरेतून दिसते, तिला काय वाटतं हे कळतच नाही.

पुन्हा पाहिलात तर बाथरूमच्या प्रसंगात त्याच्याकडे नको, तिच्या चेहऱ्याकडे बघा.