हापूसची जाहिरात नेमकी कुठे अडते?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. दलालाकडे माल न पाठवता मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पेट्या थेट घरपोच द्याव्यात, म्हणून यंदा गूगलवर जाहिरात सुरू केली. माझ्या संगणकावर ‘देवगड हापूस’ शोधले, तर ती दिसत नाही. भाच्याने त्यात ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारे साधन) घालून दिला आहे. पुण्यात त्याच्या संगणकावरही ॲडब्लॉकर आहे, तिथे मात्र ती दिसते. शिवाय जाहिरातीच्या खात्यात जितके क्लिक दिसतात, तितक्या भेटी संकेतस्थळाच्या मोजणीत येत नाहीत. आमचे पैसे बुडत आहेत का?
— एक आंबा बागायतदार

उत्तर : पैसे बुडत नाहीत, कारण शोधनिकालांतील जाहिरातीचे पैसे सहसा क्लिकवर लागतात. ज्याच्या पडद्यावर जाहिरात लपली, तो तिच्यावर क्लिक करू शकत नाही आणि त्याच्यापायी आपल्या खात्यातून काही वजाही होत नाही. आपले नुकसान होत असेल, तर ते हिशेबात होत आहे. पण आधी जाहिरात न दिसण्याचे पाहू.

वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरील जाहिराती बहुधा दुसऱ्याच सर्व्हरवरून येतात, त्यामुळे ब्राउझरने त्या सर्व्हरकडे जाहिरात मागणेच ॲडब्लॉकर अडवतो. गूगलच्या शोधनिकालांत मात्र जाहिरात आणि निकाल एकाच पानातून येतात, म्हणून तिथे पान येऊ देऊन त्यातला जाहिरातीचा भाग तेवढा झाकला जातो. काय अडवायचे आणि काय झाकायचे, हे ‘ईझीलिस्ट’सारख्या फिल्टर याद्या ठरवतात आणि या याद्या सतत बदलत असतात. भाच्याकडे जाहिरात दिसते, याचे कारण बहुधा ॲडब्लॉकरच्या जातीत आहे. ‘ॲडब्लॉक प्लस’ या ॲडब्लॉकरने 2011 पासून त्रासदायक नसलेल्या जाहिरातींना मुभा देणारी योजना चालवली आहे आणि तिच्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून ते शुल्कही घेतात. (जाहिराती अडवणाऱ्यानेच त्या सोडण्याचे पैसे घ्यावेत, हा व्यवहार मला आजही चमत्कारिक वाटतो.) ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा दुसरा ॲडब्लॉकर त्या योजनेत नाही.

तरीही सारा दोष ॲडब्लॉकरवर टाकण्याची घाई करू नये. आपण जाहिरात मुंबई आणि पुण्यापुरती लावली असेल, तर देवगडात बसून ती सहसा दिसणार नाही आणि तशी ती दिसू नये हेच योग्य. ती पाहण्यासाठी रोज स्वतः शोध घेणेही टाळावे, कारण क्लिक न होता जाहिरात वारंवार दिसली, तर तिची कामगिरी कमी दिसते. गूगल ॲड्सच्या खात्यातच जाहिरात तपासण्याचे साधन आहे. त्यात पुणे निवडून ती कशी दिसते ते पाहता येते. मात्र ते खाते उघडताना ॲडब्लॉकर बंद ठेवावा, नाहीतर खात्याची पानेही अर्धवट दिसू शकतात.

आता हिशेब. क्लिकची नोंद गूगलच्या सर्व्हरवर होते, तर संकेतस्थळावरील भेटीची आणि मागणीची नोंद गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये चालणारी छोटी स्क्रिप्ट (संकेतस्थळातला छोटा प्रोग्राम) करते. जाहिरात झाकणे आणि ही माग काढणारी स्क्रिप्ट अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कित्येकांचे ब्राउझर जाहिरात दिसू देतात, पण स्क्रिप्ट चालू देत नाहीत. असा गिऱ्हाईक क्लिक करून आला, त्याने चार पेट्या मागवल्या आणि पैसेही भरले, तरी खात्यात दिसते ते एवढेच, की एक क्लिक वाया गेला. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ॲडब्लॉकरसारखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची साधने) घालता येत नाहीत, त्यामुळे ही गळती संगणकावरून येणाऱ्या गिऱ्हाइकांत जास्त असते. मग आकडे पाहून वाटते, की फोनवाले खरेदी करतात आणि संगणकवाले नुसते बघून जातात. म्हणून आपण संगणकावरील बोली (एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती द्यायचे ती रक्कम) कमी करतो आणि कार्यालयात बसून दहा सहकाऱ्यांसाठी एकदम पेट्या मागवणारा गिऱ्हाईकच गमावतो. बोली गूगलच्या स्वयंचलित पद्धतीवर सोडली असेल, तर तीही याच अपुऱ्या नोंदींवरून शिकते.

यावर माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय वहीचा आहे. मागणी घेताना ‘आमचे नाव कुठे पाहिलेत?’ हा एक प्रश्न विचारावा, उत्तर पेट्यांच्या संख्येसह लिहून ठेवावे आणि हंगामात दर आठवड्याला ते खात्यातील आकड्यांशी ताडून पाहावे. आणखी एक बारीकशी गोष्ट : पेटीच्या छायाचित्राच्या फाइलला ‘ॲड-बॅनर’ असे नाव दिले असेल, तर ते बदलावे, कारण केवळ अशा नावावरूनही चित्र अडवले जाऊ शकते.

प्रश्न : हर्णैजवळ आमचे घरगुती निवास आहे. आमच्या जाहिरातीवर बोट ठेवले की पान उघडतच नाही, असे दोन पाहुण्यांनी फोन करून सांगितले. संकेतस्थळ तर व्यवस्थित चालू आहे.
— एक गृहिणी, दापोली तालुका

उत्तर : त्या पाहुण्यांच्या फोनमध्ये किंवा घरच्या वायफायवर डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) पातळीवर जाहिराती अडवण्याची सोय असावी. अँड्रॉइड 9 पासून फोनच्या सेटिंगमध्ये खासगी डीएनएस घालता येतो आणि त्यासाठी वेगळे ॲपही लागत नाही. गूगलच्या शोधनिकालांतील जाहिरात या पद्धतीत झाकली जात नाही, ती दिसतेच. पण तिचा दुवा आपल्या संकेतस्थळाकडे जाण्याआधी क्लिक मोजणाऱ्या सर्व्हरवरून जातो आणि त्या सर्व्हरचा पत्ताच फोनला मिळत नाही. त्यामुळे पाहुण्याला वाटते, की आपले संकेतस्थळ बंद आहे. क्लिक तिथवर पोचतच नसल्याने त्याचे पैसे लागत नाहीत.

फोन करून सांगणारे दोघे असतील, तर न सांगता दुसरीकडे खोली घेणारे त्याहून अधिक असण्याचा संभव आहे. पाहुण्यांचे फोन आपण बदलू शकत नाही; म्हणून जाहिरातीखालच्या साध्या निकालांत आपले पान यावे, हे पाहावे. साध्या निकालाचा दुवा सहसा थेट उघडतो. गूगल नकाशावरील व्यवसायाची नोंद विनामूल्य आहे; तिच्यात निवासाची छायाचित्रे आणि चालू असलेला दूरध्वनी क्रमांक घालावा, म्हणजे संकेतस्थळ उघडले नाही तरी पाहुण्याला तुमच्याशी बोलता येईल.