पेन्सिलीने लिहिलेलं पुसू नका

तुमच्या घरमालकांनी १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, प्रोग्रॅम (मैदानावर विकली जाणारी पुस्तिका) दिलाय, आत पेन्सिलीने आकडे खरडलेत आणि ते साफ करून घेतले तर किंमत वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. वाचल्यावर राहवेना. नका पुसू. मी ते करून बसलेय.

लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पिट्सबर्गला आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. १३ ऑक्टोबरला फोर्ब्स फील्डच्या, म्हणजे तिथल्या पायरेट्स संघाच्या जुन्या मैदानाच्या, उरलेल्या भिंतीपाशी लोक जमतात आणि त्या मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन ऐकतात, तिथे मी त्यांना गाडीने न्यायची. त्यांचे यजमान १९६० साली त्या सामन्याला हजर होते. घर विकून लेकीकडे जाताना आजींनी त्यांचा प्रोग्रॅम माझ्या हातात ठेवला. आतलं स्कोअरकार्ड, म्हणजे सामना बघताना प्रेक्षकाने भरायचा तक्ता, पूर्ण भरलेलं होतं, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. नवव्या इनिंगला विजयी फटका मारणाऱ्या पायरेट्सच्या मॅझरोस्कीच्या चौकोनात पेन्सिल इतकी दाबली होती की पानाच्या मागे बोटाला वळ लागायचा.

मुखपृष्ठावरचा एक डाग काढायला मी तो जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात दिला. ‘आतलं लिखाणही काढून टाकू, प्रतीच्या अवस्थेला मिळणारी ग्रेड वर जाईल,’ असं ते म्हणाले आणि मी सही केली. परत आला तेव्हा पानं कोरी.

काय गेलं ते नंतर उमगलं. तेव्हा प्रत्येक यजमान संघ आपापला प्रोग्रॅम छापायचा. पिट्सबर्गला पहिला, दुसरा, सहावा आणि सातवा असे चार सामने झाले आणि चारही दिवस विकला गेला तो हाच. छापील मजकुरावरून दिवस कळत नाही, तो पेन्सिलच सांगते. माझ्याकडे आता चारपैकी कुठल्याही सामन्याचा असू शकेल असा एक स्वच्छ प्रोग्रॅम आहे. दुकानात विचारलं, निदान आधीचे फोटो तरी द्या, तर फोटो काढलेच नव्हते. ‘तुमची सही आहे’ एवढंच तीन वेळा ऐकून आले. अजूनही संताप होतो.

तुमचं कार्ड सातव्या सामन्याचं असेल तर त्यात ‘के’ हे अक्षर कुठेच दिसायला नको. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद, झाला की ‘के’ लिहितात आणि त्या सामन्यात दोन्ही संघांचा मिळून एकही झाला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये तसा दुसरा सामना नाही. आठव्या इनिंगला पायरेट्सच्या ५ धावा आणि शेवटी १०-९ हेही जुळवून बघा. कोरं कार्ड आज बसून भरणारे महाभागही आहेत. खऱ्या जुन्या कार्डात बरेचदा समोरच्या पानावर शिशाची पुसट छाप उमटलेली असते, ती शोधा. पण एवढ्यावरून खात्री धरू नका, जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

मी व्यापारी नाही. कोऱ्या प्रतीला जास्त पैसे मोजणारे आहेत, हेही खरं. पण माझ्या मते कोरा प्रोग्रॅम म्हणजे छापखान्यातून आलेला कागद, आणि भरलेला म्हणजे त्या दुपारी तिथे बसलेला माणूस. हे ग्रेडचे आकडे देणाऱ्यांना कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नसतं.

आज करता येईल ते म्हणजे टॉर्च पानाला लागून आडवा धरा आणि एकेका पानाचा फोटो काढा. दाबलेल्या रेघा त्यात स्पष्ट दिसतात. माझ्या कोऱ्या पानावर मॅझरोस्कीचा चौकोन अजून तसाच उठतो, बाकी जवळजवळ काही नाही.

आणि तुमचे घरमालक हयात आहेत! कुठल्या बाजूला बसला होता, सोबत कोण होतं, पेन्सिल कुणाच्या हातात होती, विचारा आणि त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. वेगळ्या कागदावर, प्रोग्रॅमवर नको. मग कार्डात ‘के’ सापडला का, ते इथे नक्की कळवा.