आधी देव ‘नाही’ म्हणाला

प्रश्न : रोज रात्री बायबलातला शास्ते ग्रंथ वाचते. इस्राएल लोक बआल नावाच्या परक्या देवामागे जातात, मार खातात, रडतात, देव सोडवतो, पुन्हा तेच. वाचून चीड येते. माझा नवरा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होताना, दारू सोडतो आणि ईस्टर यायच्या आत, बाजारात काजूची उर्राक आली की पुन्हा सुरू. चर्चच्या मंडळीतले म्हणतात, देवाने इस्राएलाला इतक्यांदा माफ केलं, तूही कर. किती वेळा करू?
– एक भगिनी, डिचोली

उत्तर : ताई, तुमची चीड रास्त आहे. ती त्या ग्रंथातही आहे. दहावा अध्याय पुन्हा उघडा.

शेजारच्या अम्मोनी लोकांनी १८ वर्षं रगडल्यावर इस्राएल लोक धावा करत आले. देव लगेच धावला नाही. मिसरी, अमोरी, पलिष्टी... कोणाकोणाच्या हातून सोडवलं ते नावं घेऊन ऐकवलं आणि म्हणाला, जा, तुम्ही निवडलेल्या देवांनाच हाक मारा. तुम्हाला माफीचा उपदेश करणाऱ्यांनी हे वचन वाचलेलं दिसत नाही! मग लोकांनी त्या मूर्ती आपल्यातून काढून टाकल्या, आणि त्यानंतर सोळावं वचन येतं : इस्राएलाचे हाल त्याला बघवेनात. मूळ हिब्रूत शब्दशः ‘त्याचा जीव आखूड झाला’ असं आहे. लेकराचा ताप उतरत नसला की आईचं होतं, तसं.

ते लोक मूर्ख होते असंही समजू नका. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नाईलचं पाणी होतं; तिथून येऊन ते वसले त्या कनानातली शेती सगळी आभाळावर. बआल हा तिथल्यांचा पावसाचा देव. मृग कोरडा गेला की आपल्या शेतकऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो ते तुम्ही पाहिलं असेल. भीती वाटली की माणूस हाताशी असेल ते धरतो. तुमच्या नवऱ्यालाही कसली भीती आहे का, ते एखाद्या सकाळी, तो शुद्धीत असताना विचारा.

आता तेरावा अध्याय. पलिष्ट्यांची ४० वर्षं. आधी दर खेपेला ‘त्यांनी धावा केला’ असं वाक्य येतं. इथे ते नाहीच. कोणी हाकही मारली नाही, तरी मानोहा नावाच्या माणसाच्या बायकोकडे देवदूत आला आणि पलिष्ट्यांशी लढणारा शमशोन जन्मला. इथे मी अजूनही वाचता वाचता थांबतो. पण ही दया देवाची आहे, ताई. तिचा हप्ता तुमच्या पगारातून कापायला कोणी सांगितलेलं नाही.

माझे वडील प्यायचे. म्हापशाला आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. आई रात्री त्यांचं ताट झाकून ठेवायची, उकडा भात आणि बांगड्याचं हुमण. कितीही उशीर झाला तरी. पण कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची, आणि त्यांनी पाया पडून मागितली तरी ती दिली नाही. दोन्ही तिने शेवटपर्यंत केलं.

या खेपेला त्याच्याकडून शपथ घेऊ नका. घरातली बाटली आधी त्याला स्वतःच्या हाताने बाहेर काढू द्या. पैसे तुमच्याकडे ठेवा.

आणि एक. तो हात उगारतो का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. उगारत असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता मुलांना घेऊन माहेरी जा, आणि तिथून मला लिहा.