गाडीतील चुंबकी फोन होल्डर : वाचकांच्या शंका

प्रश्न : गाडीत चुंबकी होल्डर बसवून घेतल्यापासून घरातील मंडळी सांगत आहेत, की चुंबकामुळे फोनमधील फोटो आणि नंबर पुसले जातील. त्यातच गाडी सिग्नलला उभी असताना नकाशावरील बाण कधी कधी भलत्याच दिशेला वळलेला दिसतो. फोन खरोखरच बिघडतो आहे का?

उत्तर : फोन बिघडलेला नाही आणि फोटोही सुरक्षित आहेत. ही भीती कॅसेट आणि फ्लॉपीच्या काळातील आहे. त्या साधनांमध्ये माहिती चुंबकीय लेपावर साठवली जात असे आणि जवळ आणलेल्या चुंबकाने ती खरोखरच खराब होई. आजच्या फोनमध्ये फ्लॅश मेमरी असते. तिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून माहिती जपली जाते, त्यामुळे होल्डरमधील चुंबकाचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही.

बाणाचे मात्र आपण बरोबर टिपले आहे. फोनमध्ये पृथ्वीचे क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणारे एक छोटे होकायंत्र असते आणि शेजारी जोरदार चुंबक आला की ते गोंधळते. गाडीचे ठिकाण उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संदेशांवरून ठरते, त्यात चुंबकाचा अडथळा येत नाही. गाडी धावत असताना दिशाही लागोपाठच्या ठिकाणांवरून काढता येते. म्हणूनच गाडी उभी असताना भरकटलेला बाण थोडे अंतर पुढे जाताच ताळ्यावर येतो. होल्डरच्या चुंबकाने धरावे म्हणून फोनच्या पाठीवर चिकटवलेली लोखंडी चकती होल्डरपासून दूर गेल्यावरही फोनबरोबरच राहते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. डोंगरात भटकताना दिशेसाठी फोनवर अवलंबून राहायचे असेल, तर चकतीसह कव्हर काढून ठेवावे आणि फोन हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवून होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावे.

चुंबकापासून जपण्याजोगा खरा भाग म्हणजे कॅमेरा. अनेक फोनमध्ये भिंग स्थिर ठेवण्याचे आणि फोकस साधण्याचे काम बारीक चुंबक व कॉइल करतात. बाहेरचा चुंबक त्यांच्या अगदी जवळ असला, तर तेवढ्या वेळापुरते चित्र हलण्याची किंवा धूसर येण्याची शक्यता असते. चकती कॅमेऱ्यापासून शक्य तेवढी खाली लावली की हा प्रश्न मिटतो.

प्रश्न : होल्डरच्या खोक्यावर दोन किलो वजन पेलण्याचा दावा आहे. माझा फोन कव्हरसकट पाव किलोच्या आसपास भरतो, तरीही खराब रस्त्यावर तो घसरून खाली पडतो. दावा खोटा समजायचा का?

उत्तर : दावा खोटा असेलच असे नाही, मात्र तो वेगळ्याच परिस्थितीतील असावा. चुंबकाची ताकद सहसा जाड, उघड्या पोलादी पत्र्यावरून त्याला सरळ खेचून मोजतात. आपल्या गाडीत फोन उभा असतो आणि त्याचे वजन खाली, म्हणजे पृष्ठभागाला समांतर ओढते. फ्रिजच्या दारावरील चुंबक सरळ उपटायला जोर लागतो, पण बोटाने खाली सरकवला की तो सहज घसरतो, तसाच हा प्रकार आहे. घसरण्याला विरोध करते ते घर्षण, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ते सरळ खेचण्याच्या ताकदीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकेच भरते. म्हणजे दोन किलोचे झाले चारशे ग्रॅम. खड्ड्यातील गचक्याने क्षणभर फोनचा भार तिप्पट झाला, तर पाव किलोचे पाऊण किलो होतात आणि फोन खाली येतो.

त्यात कव्हरच्या जाडीची भर पडते. चुंबक आणि पत्रा यांच्यातील अंतर वाढू लागले की पकड फार वेगाने ढिली होते, इतकी की जाड रबरी कव्हरच्या आत ठेवलेली पातळ चकती जवळजवळ कुचकामी ठरते. चकती कव्हरच्या बाहेरून चिकटवावी किंवा पातळ कव्हर वापरावे. होल्डरच्या तोंडावर रबराचा किंवा सिलिकोनचा थर असेल, तर घर्षण चांगलेच वाढते. त्यावर धूळ किंवा हाताचा तेलकटपणा बसू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. माझ्या मते चुंबकाच्या आकड्यापेक्षा हा थर पाहूनच होल्डर निवडावा.

अनेकांना वाटते, की जोरात ब्रेक लावल्यावर फोन उडून जाईल. होल्डरचे तोंड चालकाकडे असेल, तर ब्रेक लागताना फोन पुढे, म्हणजे होल्डरवरच दाबला जातो. तो निसटतो तो खड्ड्यात, गतिरोधकावर, झपकन घेतलेल्या वळणावर किंवा मागून धक्का बसल्यावर. फोन तसाच राहून होल्डरची मान खाली झुकत असेल, तर दोष चुंबकाचा नसून गोलाकार सांध्याचा आहे. तो आवळूनही सैल पडत असेल, तर होल्डर बदलण्यावाचून पर्याय नाही.

प्रश्न : होल्डर डॅशबोर्डवर चिकटवावा, काचेवर लावावा की एसीच्या जाळीत अडकवावा? उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चुंबकाची ताकद कमी होते, हे खरे आहे का?

उत्तर : जागेचा विचार एअरबॅगपासून सुरू करावा. स्टीअरिंगच्या मध्यभागी, समोरच्या प्रवाशापुढील डॅशबोर्डवर आणि कित्येक गाड्यांत काचेच्या कडेच्या खांबांतही एअरबॅग दडलेली असते. धडकेनंतर ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते आणि तिच्या झाकणावर चिकटवलेला होल्डर त्याच वेगाने माणसाच्या अंगावर येऊ शकतो. त्या झाकणावर आणि एअरबॅग जिथून फुगत पुढे येते त्या वाटेत काहीही लावू नये. याबाबत तडजोड नको. काचेवर लावायचे असल्यास रस्ता झाकला जाणार नाही अशी कोपऱ्यातील जागा शोधावी लागते, आणि काचेवर काय चालते याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते आधी पाहावेत.

उरतात डॅशबोर्डचा मधला भाग आणि एसीची जाळी. उंचीला मी महत्त्व देतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर पुढे जाते, आणि गिअरजवळ खाली लावलेल्या फोनकडे पाहून नजर पुन्हा रस्त्यावर आणायला तेवढा वेळ सहज जातो. या दृष्टीने जाळीची जागा बरी, शिवाय तिथे गार हवेने फोन थंड राहतो. पण थंडीत त्याच जाळीतून गरम हवा येते, तेव्हा ती पट्टी बंद ठेवावी लागते. जड फोनच्या भाराने प्लॅस्टिकच्या नाजूक पट्ट्या मोडतात, हीही अडचण आहे. खाली टेकू असलेला होल्डर असेल तरच जाळीच्या वाटेला जावे.

उन्हाबद्दलची शंका रास्त आहे. या होल्डरमध्ये बहुधा निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक असतो. 1980 च्या दशकात विकसित झालेल्या या चुंबकाच्या साध्या प्रतींना साधारण 80 अंश सेल्सियसपर्यंतच तापू द्यावे असा दंडक आहे, त्यापुढे त्यांची काही ताकद कायमची जाऊ शकते. बंद गाडीचा डॅशबोर्ड कडक उन्हात 70 अंशांच्या घरात पोहोचतो. म्हणजे चुंबक थोडक्यात बचावतो, पण त्याआधी चिकटपट्टी मऊ पडते आणि फोनची बॅटरी तर त्याच्याही कितीतरी आधी त्रासात येते. ॲपल आपले फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत आणि 45 अंशांपेक्षा गरम जागी ठेवू नयेत, असे सांगते. गाडीतून उतरताना फोन बरोबर न्यावा. नवी चिकटपट्टी लावताना जागा स्पिरिटने पुसावी, घट्ट दाबावी आणि फोन लावण्यापूर्वी निदान एक दिवस जाऊ द्यावा. लावल्यावर तासाभरात फोन टांगला, म्हणून निघून आलेल्या पट्ट्यांचा दोष विनाकारण उत्पादकाच्या माथी मारला जातो.

प्रश्न : चकती लावल्यापासून वायरलेस चार्जिंग होत नाही आणि फोन गरम होतो. दोन्ही सोयी एकत्र मिळणार नाहीत का?

उत्तर : चकती लगेच काढावी. चार्जरमधील कॉइल बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि फोनमधील कॉइल ते पकडते. मध्ये पोलादी पत्रा आला की ती ऊर्जा पत्र्यात भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण करून त्यालाच तापवते. शहाणा चार्जर परकी वस्तू ओळखून बंद पडतो, सगळेच शहाणे नसतात. फोन टेकवून पैसे देण्याची सोयही अशा चकतीमुळे अडू शकते.

ज्या फोनमध्ये कॉइलभोवती चुंबकांचे कडे बसवलेले आहे, त्यांना चकतीची गरज नाही. ॲपलने 2020 मध्ये ही रचना आयफोनमध्ये आणली आणि 2023 मध्ये जाहीर झालेल्या ‘ची-टू’ (Qi2) या वायरलेस चार्जिंगच्या मानकात तिचाच आधार घेतलेला आहे. इतर फोनसाठी असे कडे असलेले कव्हर किंवा मध्यभागी मोकळी असलेली पोलादी रिंग वापरता येते. रिंगचे माप चुकले तर ताप कायम राहतो, म्हणून पहिल्या दिवशी चार्जिंग चालू असताना पाठीला हात लावून पाहावा.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर बसवलेला आहे. माझ्या गाडीत ते पुढे बसतात. चालेल का?

उत्तर : डॅशबोर्डवरील होल्डर आणि शेजारी बसलेल्या माणसाची छाती यांत सहसा पुरेसे अंतर असते. चुंबक जवळ आल्यास पेसमेकर ठरावीक वेगाने ठोके देण्याच्या पद्धतीवर जातो आणि छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र, असल्यास त्याचे उपचार थांबू शकतात, म्हणून आपले फोन आणि चुंबकी साधने अशा यंत्रांपासून किमान 15 सेंटिमीटर आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना 30 सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला ॲपल देते. वडिलांनी तो फोन किंवा सुटा होल्डर शर्टाच्या खिशात मुळीच ठेवू नये. त्यांच्या यंत्राविषयीचा शेवटचा शब्द हृदयरोगतज्ज्ञांचा.

प्रश्न : फोनच्या कव्हरमध्येच मी बँकेचे कार्ड ठेवते. होल्डरने ते खराब होईल का?

उत्तर : कार्डावरील चिपला धोका नाही. मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीला आहे, आणि हॉटेलच्या खोलीचे पट्टी असलेले चावी-कार्ड तर फारच लवकर पुसले जाते, कारण ते वारंवार नव्याने लिहिता यावे म्हणून त्याची पट्टी मुद्दामच दुबळी ठेवलेली असते. शिवाय कार्डाच्या जाडीने होल्डरची पकडही कमी होते. कार्ड पाकिटातच असू द्यावे.