दुसरा फ्लॅट घेण्याआधी वडिलांचा रिकामा फ्लॅट भाड्याने देऊन पाहा

आपण लिहिले आहे की आपली नोकरी पुण्यात आहे, २५ लाखांची बचत आहे आणि आई-वडील गावी राहायला गेल्यापासून त्यांचा कोथरूडचा वन बीएचके रिकामा आहे. वाकडला कर्ज काढून ७० लाखांचा फ्लॅट घ्यावा, तो भाड्याने द्यावा आणि त्यातूनच हा व्यवहार शिकावा असा आपला विचार आहे, आणि सुरुवात कोठून करावी असे आपण विचारता. माझे मत असे आहे की सुरुवात कोथरूडच्या रिकाम्या फ्लॅटपासून करा आणि वाकडचा विचार कोथरूडचे किमान दोन भाडेकरार पूर्ण होईपर्यंत पुढे ढकला. मी गेली चौदा-पंधरा वर्षे स्वतःचा एक आणि परदेशी असलेल्या थोरल्या भावाचा एक असे दोन फ्लॅट सांभाळतो आहे, त्या अनुभवावरून हे लिहितो.

आधी आपल्याच आकड्यांचा हिशेब मांडू. ७० लाखांच्या फ्लॅटवर महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४.९ लाख आणि नोंदणी शुल्क ३०,००० रुपये धरले, तर फर्निचर व पंखे-गिझर यांच्या आधीच खर्च ७५.२ लाखांवर जातो. आपली सगळी बचत त्यात संपते आणि ५० लाखांचे कर्ज उरते. वीस वर्षांच्या मुदतीला साडेआठ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये बसतो. भाडे २२,००० रुपये मिळाले असे धरा. वर्षाचे २,६४,००० होतात. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६,०००, मिळकतकर १२,०००, दुरुस्ती व रंगाची सरासरी १५,००० आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा एक रिकामा महिना २२,००० वजा केला की हाती १,७९,००० राहतात. गुंतवलेल्या रकमेवर हे सव्वादोन-अडीच टक्के झाले, म्हणजे बँकेच्या मुदत ठेवीपेक्षाही कमी. दरमहा सुमारे २८,५०० रुपये पगारातून घालावे लागतील आणि फ्लॅट रिकामा राहिला तर पूर्ण हप्ता घालावा लागेल. २०२० साली टाळेबंदीत आयटीतील मंडळी आपापल्या गावी गेली तेव्हा माझा त्याच भागातला फ्लॅट पाच महिने रिकामा होता. अशा फ्लॅटचा फायदा मुख्यतः किंमत वाढण्यावर अवलंबून असतो, आणि ती वाढ आपल्या हातात नसते. म्हणून हिशेबात भाड्याचा आकडा बिल्डरच्या माणसाने सांगितलेला घेऊ नका; त्याच इमारतीत राहणाऱ्या दोन-तीन भाडेकरूंना प्रत्यक्ष विचारा. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवर सोसायटीचा किती खर्च होतो हेही विचारा, कारण त्या पट्ट्यात मेंटेनन्स वाढण्याचे ते मोठे कारण आहे आणि मेंटेनन्स बहुधा मालकच भरतो.

कराबाबत थोडक्यात. भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग तुमचा खर्च कितीही असो. कर्जाच्या व्याजामुळे येणारा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत करता येत नाही. ‘कर्ज काढले की कर वाचतो’ असे सांगणारे हा फरक सहसा सांगत नाहीत.

आता कराराविषयी सविस्तर लिहितो, कारण माझे नुकसान येथेच झाले. महाराष्ट्रातील मालकांच्या मनात भाडेकरूविषयी जी भीती आहे ती निराधार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि १९७३ साली त्यात झालेल्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेल्या लिव्ह अँड लायसन्सधारकांनाही, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणाऱ्यांनाही, संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि त्यांना सहज बाहेर काढता येईना. परंतु आज लागू असलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा वेगळा आहे. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली मालक दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. त्याच कायद्याचे कलम ५५ मात्र बजावते की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाईल. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांच्या नियमावरून आली आहे. आपल्या राज्यात ती चालत नाही.

मला हे ठाऊक नव्हते. पहिल्या भाडेकरूशी मी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून करार केला आणि ४०,००० रुपये अनामत रोख घेतली. चौथ्या महिन्यापासून भाडे थकले, आणि जागा सोडायला सांगितल्यावर त्याने एक लाख अनामत दिल्याचा दावा केला. वकिलाने कलम ५५ वाचून दाखवले तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. चार महिन्यांचे भाडे सोडून आणि वर २०,००० रुपये देऊन मी किल्ली परत मिळवली. नोंदणीचा खर्च पाहा: १८,००० रुपये भाडे आणि ६०,००० रुपये अनामत असेल, तर अकरा महिन्यांचे एकूण भाडे आणि अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का म्हणजे सुमारे ५०० रुपये मुद्रांक शुल्क, शहरी हद्दीत १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि ऑनलाइन नोंदणीची किरकोळ हाताळणी फी. हे शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना लागू आहे. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे अंगठे आधारशी जुळवतो, आणि काम होते.

उरलेले काम शिस्तीचे आहे. किल्ली देण्याच्या दिवशी पंखे, नळ, दारे, भिंती यांचे फोटो आणि वस्तूंची यादी दोघांच्या सहीने करा. महावितरणच्या मीटरचे रीडिंग त्याच कागदावर लिहा. अनामत बँकेतूनच घ्या आणि ती खर्च न करता वेगळी ठेवा, कारण ती भाडेकरूची रक्कम आहे आणि तो किल्ली देईल त्याच दिवशी, कपातीचा लेखी हिशेब देऊन, परत गेली पाहिजे. नेहमीच्या वापराने मळलेल्या भिंतीचे पैसे कापणे मला अन्याय्य वाटते. माझे तीन भाडेकरू जुन्या भाडेकरूंच्या शिफारशीने, दलालाशिवाय आले, आणि ते अनामत वेळेवर परत केल्यामुळे, असे मी मानतो. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा. सोसायटीला कराराची प्रत द्या. ती नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, लावेल, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाहीत. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्यास मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, ती भाड्याने दिल्यावर मिळत नाही. म्हणून भाडे ठरवतानाच वाढीव कर धरा.

एवढे करून दोन वर्षांनीही खरेदीची इच्छा राहिली, तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला, मिळालेली इमारत पाहा. त्यावर जीएसटी लागत नाही आणि भाडे लगेच सुरू होते. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची महारेरावरील (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडील) नोंद, ताबा देण्याची तारीख आणि चटई क्षेत्र स्वतः तपासा. जुन्या इमारतीत जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झाला आहे का, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

कोथरूडचा फ्लॅट वडिलांच्या नावे आहे, त्यामुळे करार त्यांचा आणि भाडेही कायद्याने त्यांचेच उत्पन्न आहे. ते त्यांच्या खात्यात जमा होऊ द्या, त्यांचे इतर उत्पन्न कमी असेल तर करही आपल्यापेक्षा कमी लागेल. अंगठ्यासाठी त्यांना पुण्यात येणे जमत नसेल, तर त्यांच्या वतीने आपण सही करू शकाल असे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून घ्या. शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यात, कुटुंबे घर शोधत फिरतात. तेव्हा रंगाचे आणि नळाचे काम एप्रिलमध्येच उरकून घ्या.